शिल्लक, दुसऱ्या, कऱ्हाड

पासबुक छापायच्या प्रिंटरला मी पहिल्यांदा मराठी 'क' पाठवला तेव्हा कागदावर तीन चिन्हं उमटली. एक ग्रीक अल्फा, एक डोक्यावर नागमोडी असलेला स्पॅनिश एन आणि एक डोक्यावर तिरकी रेघ असलेला ओ. मग 'ख' पाठवला. पहिली दोन चिन्हं तीच, फक्त तिसरं बदललं. काउंटरवरच्या मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या. "अगं, बिघडला का गं हा?"

बिघडला नव्हता. यूटीएफ-८ या, अक्षरं संगणकात बाइटांच्या रूपात साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. हा प्रिंटर एका बाइटला एक चिन्ह या हिशेबाने चालणारा. ४३७ क्रमांकाच्या जुन्या कोडपेजात, म्हणजे कोणत्या बाइटला कोणतं चिन्ह याच्या तक्त्यात, त्या-त्या बाइटसमोर जे लिहिलंय ते तो इमानाने छापत होता. देवनागरी त्याच्या पोटात नव्हतीच.

काम कोपरखैरण्यातल्या एका पतसंस्थेचं होतं. मी राहते ठाण्यात, नौपाड्याला. गेल्या पावसाळ्यात जवळजवळ तीन महिने सकाळची वाशी लोकल पकडून ऐरोली, रबाळे, घणसोली मागे टाकत तिथे जात होते. सभासद बहुतेक वाशीच्या बाजार समितीतले माथाडी. घरं कोपरखैरणे-घणसोलीत, गावं सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांत. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर या लोकांची मजुरी मंडळामार्फत यायला लागली, आणि हिशेबाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपायची सवय या घरांत मी स्वतः पाहिली. त्या पिशवीतून निघालेल्या पासबुकात मात्र 'बाय कॅश', 'टू इन्स्टॉलमेंट' असं इंग्रजीत छापलेलं. माणूस काउंटरवर येऊन विचारायचा, "शिल्लक किती हाय ह्यात?" आणि मॅडम बॉलपेनने आकड्याखाली रेघ मारून द्यायच्या. दिवसातून तीस-चाळीस वेळा. वार्षिक सभेत कुणीतरी उभं राहून म्हणालं की पासबुक मराठीत पाहिजे, आणि ठराव झाला. माझ्या मते हा ठराव वीस वर्षं आधीच व्हायला हवा होता. पासबुक खातेदाराचं असतं. ऑफिसकडे स्वतःची खातेवही आहेच.

संस्थेचा प्रोग्राम जुना, काळ्या खिडकीत चालणारा. एक लिनक्स सर्व्हर आणि चार टेबलांवर त्याला जोडलेली टर्मिनल. मी आधी वाटलं तसं धरून चालले की पडद्यावर मराठी दिसलं की निम्मं काम झालं. पडद्यानेच पहिला आठवडा खाल्ला.

टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटीची वही. एका घरात एक चिन्ह. इंग्रजीला हे चालतं. मराठीत 'कऱ्हाड' लिहिलं तर वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात: क, ऱ्हा, ड. संगणकाच्या लेखी तीच सहा चिन्हं: क, ऱ, हलंत, ह, काना, ड. आणि डिस्कवर ते अठरा बाइट. मग या शब्दाला पडद्यावर घरं किती द्यायची? हलंताला शून्य यावर साधारण एकमत आहे. काना आणि वेलांटीला काही प्रोग्राम एक घर देतात, काही शून्य. आमचा प्रोग्राम एक धरत होता आणि टर्मिनल शून्य. परिणाम असा की गावाच्या नावात जितके काने-वेलांट्या, तितकी पुढची रक्कम डावीकडे सरकायची. सभासदांची यादी उघडली की रकमांचा रकाना वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीसारखा वाकडा. लिनक्सचा नुसता कन्सोल, म्हणजे खिडक्यांशिवायचा काळा पडदा, तर या कामाचा नव्हेच. त्याच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षर जुळवणं त्याला येत नाही. ग्राफिकल टर्मिनलचे तीन प्रोग्राम लावून पाहिले. एकात वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, एकात जोडाक्षर सुटं. तिसऱ्यात अक्षरं नीट आली, पण रकाने वाकडेच.

दोन दिवस मी घरं मोजायचा कोड सुधारत बसले. मग एका संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये लक्षात आलं की घरं मोजायचीच कशाला. दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म बदलले: खाते क्रमांक, तारीख, रक्कम हे सगळं डावीकडे, आणि मराठी मजकूर ओळीच्या अगदी शेवटी. त्याच्या उजवीकडे काहीच नाही, म्हणजे तो कितीही रुंद झाला तरी कुणाला ढकलणार नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांची नजर अडखळली, नंतर कुणी तक्रार केली नाही.

टायपिंगचा प्रश्न मला वाटलं होतं त्याहून नाजूक निघाला. मॅडमनी तरुणपणी मराठी टायपिंगच्या तीसच्या आणि चाळीसच्या परीक्षा दिलेल्या. त्यांचा हात टाइपरायटरचा. तिथे जसं दिसतं तसं मारायचं: आधी वेलांटी, मग अक्षर, आधी अक्षर, मग त्याच्यावर रफार. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, जसं बोलतो तसं: 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. टाइपरायटरच्या धर्तीची मांडणी बसवून द्यायची माझी तयारी होती आणि तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "माझी दोनच वर्षं राहिली. मी गेल्यावर या मुलींनी कुणाची मांडणी शिकायची? जी सगळीकडे असते तीच बसव."

म्हणून इन्स्क्रिप्ट ही मांडणी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. जे वर र, शिफ्ट-जे वर ऱ. एन वर ल, शिफ्ट-एन वर ळ. डी वर हलंत. 'कऱ्हाड' म्हणजे के, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि चौकटी कंसाची कळ. मॅडमनी हा शब्द एका वहीत पानभर उतरवून काढला, कळांच्या नावांसकट, शाळेतल्या मुलीसारखा. पंधराव्या दिवशी त्या कीबोर्डकडे न बघता मारत होत्या. मी या कामात जे जे पाहिलं त्यात ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

संस्थेचे निवृत्त व्यवस्थापक अधूनमधून चहाला येत. त्यांनी पूर्वीच्या नोकरीत जिस्ट कार्ड वापरलेलं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने वाढवलेलं हे तंत्र. कार्ड संगणकात खोचलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी यायची. इन्स्क्रिप्ट त्यांना तेव्हापासून पाठ. १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाली. युनिकोडमधला देवनागरीचा क्रम इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतलेला आहे. त्यांचं बोलणं ऐकताना मला एका बगचं मूळ सापडलं. इस्कीत एका चिन्हाला एकच बाइट. आमच्या प्रोग्राममध्ये नावाचा रकाना तीस बाइटांचा होता. इस्की असती तर तीस चिन्हं मावली असती. यूटीएफ-८ मध्ये दहा. त्यातही नावात एक मोकळी जागा आली की ती एका बाइटची, म्हणजे तिसावा बाइट बरोबर एखाद्या चिन्हाच्या पोटात संपतो. अर्धवट तुटलेल्या चिन्हाच्या जागी पडद्यावर प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येत होता आणि मी तो दोन दिवस फॉन्टमध्ये शोधत होते. रकाना दोनशे बाइटांचा केला, आणि कुठेही मजकूर छाटायचा असेल तर पूर्ण अक्षराच्या हद्दीवरच छाटायचा असा नियम घातला.

सभासदांची मराठी नावं एका जुन्या फाइलीत होती, पण ती युनिकोडच्या आधीच्या काळातल्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट नसेल तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. रूपांतराचा प्रोग्राम लिहिला. त्यात वेलांटी मागे नेणं सोपं, रफार पुढे आणणं अवघड. 'शिर्के' त्या फाइलीत वेलांटी, श, क, मात्रा, रफार अशा क्रमाने. रफाराने आधी मात्रा ओलांडायची, मग क ओलांडायचा, आणि तिथे र आणि हलंत होऊन बसायचं. माझा पहिला प्रोग्राम एकच उडी मारायचा. सगळी यादी शेवटी दोन मुलींनी डोळ्यांनी तपासली. नावांच्या बाबतीत मी दुसऱ्या कशावरही विश्वास ठेवला नसता.

आता छपाई. या सगळ्या कामाचा गाभा एवढाच की प्रिंटरला अक्षर कळत नाही, ठिपका कळतो. मराठी अक्षर कसं जुळतं, वेलांटी कुठे जाते, रफार कुणाच्या डोक्यावर बसतो, हे सगळं प्रिंटरकडे जायच्या आधीच ठरलं पाहिजे. आमचा प्रिंटर चोवीस पिनांचा. त्याला ग्राफिक्सची आज्ञा देता येते: आता मी ठिपक्यांचे इतके उभे रकाने पाठवते, प्रत्येक रकाना तीन बाइटांचा, म्हणजे चोवीस ठिपके, वरचा ठिपका पहिल्या बाइटच्या सगळ्यात मोठ्या बिटात. इंचाला १८० ठिपके. म्हणून जुन्या प्रोग्राम आणि प्रिंटरच्या मध्ये मी एक छोटा प्रोग्राम बसवला. तो मराठी ओळ घेतो, तिचं काळं-पांढरं चित्र करतो, चित्राच्या चोवीस-चोवीस ठिपक्यांच्या पट्ट्या कापतो आणि पाठवतो.

पहिलं चित्र पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पिलो नावाच्या चित्रांच्या लायब्ररीने काढलं. छापून आलं आणि मॅडमनी वाचलं, "शल... हे काय लिहिलंयस?" शब्द होता 'शिल्लक'. पिलोला अक्षरं जुळवणारा राक्म हा भाग जोडलेला नसेल तर ती चिन्हं फक्त एकामागे एक ठेवते. वेलांटी श च्या पुढे पडली आणि ल च्या गळ्यात गेली, हलंत ल खाली लोंबकळत राहिला. मग ते काम हार्फबझकडे दिलं. अक्षरजुळणीचं काम करणारी ही लायब्ररी फॉन्टमधले नियम वाचून जोडाक्षर बनवते, वेलांटी जागेवर नेते. तिला भाषा मराठी आहे हेही सांगावं लागतं. नाही सांगितलं तर बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून दिले आहेत. 'शिल्लक' या एका शब्दात वेलांटी, जोडाक्षर, श आणि ल असे चारही आले. तेव्हापासून माझी चाचणीची ओळ ठरली: शिल्लक, दुसऱ्या, कऱ्हाड, शिर्के. ही ओळ मी किती वेळा छापली असेल याची गणती नाही. एक अख्खी रिबन त्यात गेली.

एका ओळीला छत्तीस ठिपके उंची दिली. वर मात्रा-रफारासाठी जागा, मध्ये अक्षर, खाली उकारासाठी जागा. म्हणजे दोन पट्ट्या: आधी चोवीस, मग बारा. पहिल्या छापात सगळ्या अक्षरांचे पाय तुटले होते. शिरोरेखा, पोट, सगळं सुरेख, आणि मग जवळजवळ एक मिलिमीटरची पांढरी पट्टी, आणि तिच्याखाली कान्यांची टोकं सुटी पडलेली. कारण प्रिंटर ओळ संपली की एक षष्ठांश इंच, म्हणजे ३० ठिपके कागद सरकवतो. मला हवे होते २४. मधले सहा ठिपके कोरे राहत होते. सरकण्याची आज्ञा चोवीसवर बांधली आणि पाय जुळले. पण अगदी नाही. भिंगातून पाहिलं तर काना खाली एका ठिपक्याने डावीकडे सरकलेला. प्रिंटरचं डोकं जाताना एक पट्टी छापत होतं आणि येताना दुसरी. दोन्ही दिशांचा मेळ केसभर चुकत होता. इंग्रजी अक्षर एकाच फेरीत पुरं होतं म्हणून हे कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकाच दिशेने छापायची आज्ञा दिली. वेग निम्म्याहून खाली आला, आवाज वाढला, पण काना सरळ आला. मी ते पान घरी आणून आईला दाखवलं.

त्यानंतर अनुस्वार हरवला. 'शिंदे' चं 'शिदे', 'संस्था' ची 'सस्था'. चित्रातल्या करड्या ठिपक्यांना काळं करायचं की पांढरं याची सीमा मी जरा कडक ठेवली होती, आणि टिंब करड्यातच संपत होतं. सीमा सैल केली तर घ आणि ध, भ आणि म यांची पोटं भरून एकसारखी दिसायला लागली. शेवटी फॉन्टच बदलला. मुक्त परवान्याचे चार-पाच लावून पाहिले, आणि मुक्ता ठेवला: पोटं मोकळी, रेघ पुरेशी जाड, टिंब ठसठशीत.

आकडे मराठी की इंग्रजी, यावर संचालकांत थोडी चर्चा झाली. वयस्कर सभासदांनी मराठी मागितले. मला वेगळी काळजी होती: रिबन फिकी झाली की लहान आकारात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, ४ आणि ५ सुद्धा. नाव चुकलं तर माणूस दुखावतो, आकडा चुकीचा वाचला गेला तर त्याचं नुकसान होतं. मार्ग साधाच निघाला. आकड्यांना वर मात्रा नसते, खाली उकार नसतो. म्हणजे वरखालची जी जागा अक्षरांसाठी राखलेली, ती आकड्यांना वापरता येते. मजकुराचं अक्षर अठरा ठिपके उंच, आकडे चोवीस. १,२५,००० असा आकडा आता चष्मा न लावताही वाचता येतो. पूर्वी इंचात सहा ओळी बसत होत्या, आता पाच. पासबुक लवकर भरतं. संचालकांनी ते मान्य केलं.

सगळं जमलंसं वाटत असताना शोधाने दगा दिला. कऱ्हाडचे सभासद काढायला सांगितलं तर निम्मेच आले. पडद्यावर सगळे 'कऱ्हाड' डोळ्यांना सारखेच. आत पाहिलं तर तीन तऱ्हा. मॅडमचा इन्स्क्रिप्टमधला: ऱ आणि हलंत. फोनवरून आलेल्या काही अर्जांतला: साधा र, हलंत आणि मागे न दिसणारं एक जोडचिन्ह. आणि जुन्या फाइलीच्या रूपांतरातून, माझ्याच हातून, आलेला: र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलंत. युनिकोडच्या नियमांप्रमाणे र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, त्यामुळे तिसरा प्रकार ठरलेल्या प्रक्रियेने पहिल्यात बदलला. दुसरा तसा बदलत नाही, न दिसणारं चिन्ह तिथेच राहतं. त्याच्यासाठी वेगळा नियम लिहिला आणि मजकूर साठवायच्या आधीच लावला, म्हणजे यापुढे आत येणारा प्रत्येक ऱ्ह आणि ऱ्य एकाच रूपात असेल. मराठीत 'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्या', 'वऱ्हाड' असे शब्द पावलोपावली येतात. आपल्याशिवाय हे कुणी तपासणार नाही.

गणपतीच्या आधीच्या सोमवारी काउंटरवर पहिलं पासबुक छापलं. बाजारातून थेट आलेले एक काका, अंगावर कांद्याच्या सालीचा वास, हातात ती प्लास्टिकची पिशवी. मॅडमनी पान पुढे केलं. "तात्या, बघा बरं."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पण लावला नाही. ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "कर्जाच्या... दुसऱ्या... हप्त्यापोटी. शिल्लक." पुढचा आकडा मनात वाचला. मग पान उलटून पहिल्या पानावर गेले, जिथे नाव आणि मूळ गाव छापलेलं. तिथे बराच वेळ थांबले.

"आन् ही मागली पानं? ती बी अशीच काढून द्या की, ताई."

मागची पानं म्हणजे अकरा वर्षांच्या नोंदी, सगळ्या इंग्रजी लघुरूपांत, त्यांतली काही प्रत्येक कारकुनाने आपापल्या मनाने केलेली. मी आणि मॅडम आता त्यांची यादी करतोय. 'बाय कॅश' समोर 'रोख जमा', असं एकेक करून. पावणेदोनशे वेगवेगळी लघुरूपं निघाली, त्यांतल्या नव्वदांचे मराठी तपशील मॅडमनी आपल्या वहीत लिहून झालेत. तात्यांचं जुनं पासबुक त्यांच्याकडून मागून घेतलंय. ते टेबलाच्या खणात, त्याच पिशवीत आहे.